मनगट मोकळं, घड्याळ छातीवर
हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय असो की औंढ्याकडचं एखादं उपकेंद्र, सिस्टरच्या मनगटावरचं स्मार्टवॉच हात धुताना आडच येतं. ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं तर २००७ मध्येच जंतूंच्या धास्तीनं सांगितलं, की रुग्णाला हात लावताना कोपराखाली काहीच नको. तिथल्या परिचारिका घड्याळ छातीवर उलटं टांगतात; मान खाली केली की त्यांना ते सुलट दिसतं, नाडी मोजायला दोन्ही हात मोकळे. शतकाहून जुनी युक्ती! आमच्या डिझायनरांनी तीच उचलावी: स्पिरिटनं पुसता येईल असा सिलिकॉनचा पट्टा, साडीलाही बसेल असा चिमटा, ठसठशीत सेकंदकाटा. पावलं मोजणं तेवढं वगळा. वस्त्या पालथ्या घालणाऱ्या एएनएमला त्याचं काय कौतुक? त्यापेक्षा बॅटरी आठवडाभर टिकवा.