निवृत्ती त्याची आणि तिची

साठाव्या वर्षी कामगार निवृत्त होतो. ट्रॅकमनची रुळावरची पायपीट थांबते, पोस्टमनची बीट थांबते. शाखेत हारतुरे होतात. पण पहाटे उठून त्याचा डबा करणाऱ्या बाईला निवृत्तीचा दिवस नसतो. स्वतः नोकरी केलेल्या भगिनीचीही घरातली दुसरी पाळी सुटत नाही.

म्हातारपणाचा प्रश्न दोघांना सारखा नाही. स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा अधिक जगतात. पण ही वाढीव वर्षे अनेकींना दुखऱ्या गुडघ्यांनी काढावी लागतात. मासिक पाळी थांबल्यावर हाडे वेगाने ठिसूळ होतात, गुडघ्यांची झीजही स्त्रियांत जास्त आढळते. २०१७-१८ च्या देशव्यापी वृद्धत्व पाहणीत रोजच्या हालचालींत अडचण असणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक दिसले.

“ती दिवसभर घरात चालतेच की,” असे आपण सहज म्हणतो. घरकाम हे श्रमच आहेत. पण ओट्याशी तासन्‌तास उभे राहून पायांची ताकद आणि शरीराचा तोल टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढील माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवले आहेत. त्यासाठी मोकळा वेळ, धड रस्ता आणि सोबत लागते. पुरुषाला ती कट्ट्यावर मिळते. तिला मिळत नाही.

हा केवळ घरगुती प्रश्न नाही. रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत स्त्रियांना ५८ व्या वर्षापासून ५० टक्के, पुरुषांना ६० व्या वर्षापासून ४० टक्के होती. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. ज्या बाईच्या हाती स्वतःचा पैसा नाही, तिचा प्रवास आधी थांबतो. पादचारी पुलाच्या पायऱ्याही तिलाच आधी अडवतात. म्हणून सवलत आणि प्रत्येक स्थानकावर लिफ्ट या मागण्या महासंघाने लावून धरल्याच पाहिजेत.

काही गोष्टी मात्र आपल्याच हाती आहेत. शाखांनी आपल्या वसाहतीत निवृत्त भगिनी, कामगारांच्या पत्नी आणि विधवा यांच्यासाठी सकाळी चालण्याचे व व्यायामाचे गट सुरू करावेत. हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमनला घरी बोलावता येते, ही २०२० पासूनची सोय त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. आणि निवृत्त बंधूंनो, सकाळचा चहा तुम्ही करा. तेवढ्या वेळात ती फिरून येईल.