झऱ्याचे पाणी आणि दिघ्याच्या भिंती

ठाणे-बेलापूर रस्त्यावरील दिघ्यापासून वज्रेश्वरी-गणेशपुरीची उष्ण कुंडे फार दूर नाहीत. 2018 च्या अखेरीस डहाणू-तलासरीच्या भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली. अशा प्रदेशात भूगर्भातील पाणी भूकंपाची पूर्वसूचना देते काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

तो निराधार नाही. 17 जानेवारी 1995 रोजी जपानमधील कोबे शहर उद्ध्वस्त झाल्यानंतर संशोधकांनी केंद्रापासून सुमारे 20 किलोमीटरवरील विहिरींचे, निरनिराळ्या तारखांना बाटल्यांत भरलेले पाणी तपासले. त्यातील क्लोराइड व सल्फेट यांचे प्रमाण ऑगस्ट 1994 पासूनच वाढत गेलेले आढळले. याचे कारणही अनाकलनीय नाही. ताण वाढला की खडकांत सूक्ष्म भेगा पडतात आणि एरवी अलग राहणारे जलस्तर परस्परांत मिसळतात. आपल्याकडे 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने हादरलेल्या कोयना परिसरात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने खोल विंधनविहिरींच्या पाण्याचा असाच अभ्यास केला आहे.

परंतु कोबेच्या पाण्याचा अर्थ भूकंपानंतर लागला, हे विसरून चालणार नाही. पाऊस आणि पाण्याचा उपसा यांनीही पाण्याची घटना बदलते. प्रत्येक बदलामागे भूकंप येत नाही आणि प्रत्येक भूकंपापूर्वी बदल दिसतोच असेही नाही. चीनमध्ये 1975 साली हायचेंगला विहिरींचे पाणी, जनावरांचे वर्तन व पूर्वधक्के पाहून लोकांना वेळीच घराबाहेर काढण्यात आले. पुढच्याच वर्षी तांगशानला तशी सूचना मिळाली नाही आणि दोन लाखांहून अधिक माणसे दगावली.

म्हणून दिघ्यापुरता प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला पाहिजे. उद्या कुंडाच्या पाण्याने अचूक इशारा दिलाच, तर माणसे बाहेर पडतील. पण त्यांची घरे उभी राहतील काय? येथील सुमारे शंभर अनधिकृत इमारतींचे प्रकरण 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजले. त्या वेळी चर्चा झाली ती जमिनीच्या मालकीची आणि बेघर होणाऱ्या कुटुंबांची, आणि ती रास्तच होती. मात्र परवानगीच न घेता उभ्या राहिलेल्या इमारतीच्या खांबांत सळई किती आणि सिमेंट किती, हे कोणी तपासलेले असते? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत माणसे मेली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली. भूकंप निसर्गाचा असतो; भिंत माणसाची असते.

उष्ण कुंडांच्या पाण्याची नियमित नोंद अवश्य व्हावी. जवळपासच्या महाविद्यालयांनी हे काम वर्षानुवर्षे चिकाटीने केले, तर नित्याचे काय आणि असाधारण काय हे कळू लागेल. पण त्या नोंदींना फळ येईपर्यंत इमारतींची तपासणी आणि दुर्बळ घरांतील कुटुंबांची सुरक्षित सोय थांबवून ठेवण्याचे काहीच कारण नाही. त्यासाठी कोणत्याही झऱ्याच्या इशाऱ्याची गरज नाही.