साडेआठ वर्षांची पोर कुठल्या यादीत?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या आरोग्य व शिक्षण खात्यांतील अधिकारी महोदय,



मी खटाव तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी मधल्या सुट्टीत सगळी पोरं खिचडीला पळाली आणि तिसरीतली एक मुलगी बस्करावरून उठेना. जवळ गेले तर म्हणाली, "बाई, मला काहीतरी लागलंय." कुठं पडले, कशावर बसले, तिचं ती आठवत होती. वय साडेआठ. आमची शाळा चौथीपर्यंतची. कपाटात खडू आहेत, आयोडीन आहे, पॅड ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझा स्वेटर तिच्या कमरेला बांधला. आई भांगलणीला गेलेली, म्हणून आजी आली. "एवढ्यात पदर आला?" म्हणाली आणि पोरीआधी तीच रडायला लागली.

संध्याकाळी मी उंची-वजनाचं रजिस्टर काढलं. पहिलीच्या जूनमध्ये ११३ सेंटीमीटर, दुसरीच्या जूनमध्ये १२१, तिसरीच्या जूनमध्ये १३०. अक्षर माझंच. या वयातलं मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. ही आठ आणि नऊ वाढली होती, आणि मी तिला फोटोसाठी मागच्या रांगेत उभी करून "चवळीच्या शेंगेसारखी वाढतेय" असं कौतुक केलं होतं.

मुलीच्या छातीवर आठ वर्षांच्या आत गाठ येणं आणि मुलाचे वृषण नऊच्या आत वाढू लागणं, याला डॉक्टर अकाली वयात येणं म्हणतात. पाळी ही त्याची सुरुवात नव्हे. ती बहुधा छातीची वाढ सुरू झाल्यावर दोन-अडीच वर्षांनी येते. म्हणजे या मुलीच्या अंगात पहिली खूण दिसली असेल ती पहिलीत असताना. तेव्हा कुणी पाहिलं असतं तर हातात वेळ होता. असं मूल आज वर्गात सगळ्यांत उंच दिसतं, पण त्याची हाडं लवकर पक्की होतात, वाढ लवकर थांबते आणि मोठेपणी तेच ठेंगणं राहतं. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी "हल्ली असंच असतं" म्हणून तिला परत पाठवलं. पुण्याला नेली तेव्हा डाव्या हाताचा एक्स-रे काढला. हाडांचं वय निघालं साडेअकरा. आता इंजेक्शनं सुरू आहेत.

बऱ्याच मुलींमध्ये कारण सापडत नाही. काहींची छाती थोडी वाढून तिथंच थांबते, त्यांना औषध लागत नाही, नुसतं लक्ष ठेवावं लागतं. कुणाचं थायरॉइड मंद असतं, ते गोळीनं सुधारतं. लठ्ठपणाचा संबंध दिसतो. गावात मात्र खापर फुटतं दुधाच्या इंजेक्शनवर, नाहीतर टीव्हीवर. कोविडच्या टाळेबंदीत अशा मुली वाढल्याचं इटलीतून आणि पुण्यातल्या बालग्रंथीतज्ज्ञांकडूनही नोंदलं गेलं, तेव्हा हा एखाद्या घराच्या खाण्यापिण्याचा दोष नाही. आणि छातीची कसलीच वाढ नसताना रक्त दिसलं, तर ती पाळी समजून घरी ठेवू नये. इजा असू शकते, अत्याचारही असू शकतो.

मुलांचं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे आठ वर्षांच्या पोराचा आवाज फुटला, अंग भरलं, की घरचे त्याला तालमीत घालायला निघतात. गडी तयार होतोय म्हणून खुराक वाढवतात. खरं तर मुलांमध्ये याच्या मागे मेंदूतली गाठ किंवा दुसरा आजार असण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त. असा मुलगा तालमीआधी दवाखान्यात गेला पाहिजे.

आता आपल्या योजना पाहा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये आला, तो १० ते १९ वयासाठी. राज्याची अस्मिता योजना २०१८ मध्ये आली, ११ ते १९ च्या मुलींसाठी, तेव्हा आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत होतं. दोन्ही चांगल्या, पण माझी विद्यार्थिनी दोन्हींत बसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. कार्यक्रमाच्या मूळच्या ३० आजारांच्या यादीत गलगंड आहे, किडके दात आहेत, अकाली वयात येणं नाही. उंची मोजतात, लिहितात, आणि गेल्या वर्षीच्या आकड्याशी कुणी ताडून पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं.

मुलीच्या वयात येण्यावरून वाद आपल्याकडे जुना आहे. कराडजवळच्या टेंभू गावात १८५६ मध्ये समाजसुधारक आगरकर जन्मले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारा झालं, तेव्हा न्हाण आलं म्हणजे मुलगी संसाराला तयार झाली का, यावरच सारा महाराष्ट्र भांडत होता. आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. "पदर आला" हे ऐकलं की स्थळाचा विषय काढणारी माणसं आमच्या गावात अजून आहेत. साडेआठ वर्षांच्या मुलीच्या घरीही एकानं काढला.

म्हणून मागणं एवढंच. पथकाच्या कार्डावर उंचीशेजारी गेल्या वर्षीच्या उंचीचा रकाना द्या. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांना मुलींसाठी आठ आणि मुलांसाठी नऊ वर्षं हे दोन आकडे शिकवा. आईला एकटीला बाजूला घेऊन विचारायचं, वर्गात मुलीच्या अंगाला हात लावायचा नाही, हेही शिकवा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात महिन्यातला एक दिवस या मुलांसाठी ठरवून तो सगळ्या शाळांना कळवा. इंजेक्शनाचा खर्च हजारांत जातो. तो रोजंदारीवर जगणाऱ्या घरावर पडू देऊ नका. आणि चौथीपर्यंतच्या शाळेतही पॅडचं एक पाकीट असू द्या. आमच्या शाळेत ते मी पदरच्या पैशानं ठेवलं आहे, खडूच्या डब्यामागे.

पथक पुढच्या महिन्यात आमच्याकडे येणार आहे. पहिलीत सहा मुली आणि चार मुलगे आहेत. त्यांच्या अंगणवाडीतल्या उंचीचे आकडे मी काढून ठेवले आहेत.

कळावे,
आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, ता. खटाव