नोंदणी राज्याची, गरज सीमेपलीकडची

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याला लागूनच मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आहे. चिखला, डोंगरी बुजुर्ग अलीकडे, तर तिरोडी पलीकडे. मॅंगनीजच्या या खाणींनी आणि बावनथडी प्रकल्पाने दोन्ही बाजू जोडल्या आहेत. १९५६ पर्यंत हा मुलूख एकाच राज्यात होता. सोयरीक, मजुरी वा उपचारासाठी ये-जा करणाऱ्यांना आजही सीमा जाणवत नाही. कायद्याला मात्र ती जाणवते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्त्याची नोंदणी राज्य प्राधिकरण करते. केंद्राची राष्ट्रीय नोंदवही राज्यांनी पुरविलेल्या माहितीवरच उभी आहे. व्याख्येतील कळीचे शब्द आहेत ‘संबंधित राज्य प्राधिकरण’. म्हणजे यादी देशाची असली, तरी अधिकार राज्यापुरता राहण्याची शक्यता उरतेच. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्यांनाही कक्षेत घेतले आणि राज्य व केंद्रीय नोंदवह्यांची तरतूद केली. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले. पण या क्षेत्राबाहेरच्या सामाजिक कार्यकर्त्यांसाठी आजही राष्ट्रीय परिषद नाही.

हा केवळ तांत्रिक वाद नव्हे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वर तुमसरचा आणि वधू कटंगीची असेल, तर विवाहपूर्व समुपदेशन अर्ध्या वाटेवर थांबवून कसे चालेल?

अर्थात, राज्यांची शंका निराधार नाही. परराज्यातील व्यावसायिकाकडून चूक झाल्यास तक्रार कोठे करायची, कारवाई कोणी करायची, हे आधी ठरले पाहिजे. तथापि, त्यावर उपाय आहे. वकिलांची नावे राज्य बार कौन्सिलच्याच यादीत असतात. तरीही १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३० ने त्यांना देशभर वकिलीचा हक्क दिला. अमेरिकेतही सात राज्यांच्या मान्यतेनंतर २०२४ मध्ये सामाजिक कार्यकर्त्यांचा आंतरराज्य परवाना करार अस्तित्वात आला.

एका राज्यातील नोंदणी सर्वत्र ग्राह्य आणि सेवा जिथे दिली तिथल्या परिषदेला चौकशीचा अधिकार, एवढे दोन नियम स्पष्ट केले तरी पुरे. मात्र कलम ३० अमलात यायला २०११ साल उजाडले होते. सीमेवरच्या कुटुंबांना पन्नास वर्षे थांबणे परवडणारे नाही.