पैसे मुलाचे, शरीर आईचं



घरबसल्या मिळणाऱ्या फिजिओथेरपीचं कौतुक होतं, तेव्हा बोलणं फी, अंतर आणि इंटरनेटपाशी थांबतं. रुग्णाची संमती कुणी घेतली, हे फारसं कुणी विचारत नाही.

हॅम्बर्गमधल्या मराठी घरांना हे चित्र ओळखीचं वाटेल. आई साताऱ्याला पक्षाघातातून सावरते आहे, मुलगा एल्बेकाठी नोकरीला. हिवाळ्यात घड्याळं साडेचार तासांनी मागेपुढे, म्हणून व्यायामाची वेळ मुलाच्या ऑफिसच्या सोयीने ठरते. फी तोच भरतो, लिंक तोच पाठवतो आणि वाकडं झालेलं तोंड, गुडघ्यावर सरकलेला गाऊन यांचं रेकॉर्डिंग कौतुकाने भावंडांच्या ग्रुपवर तोच टाकतो. आईला विचारायचं राहून जातं.

तो राहतो त्या जर्मनीत डॉक्टरांच्या व्हिडिओ-तपासणीचं रेकॉर्डिंग करायला मनाई आहे. २०१९च्या कायद्याने तिथे काही अ‍ॅप विमा कंपनीच्या खर्चाने लिहून देता येतात. २०२०मध्ये त्यांच्या यादीत आलेल्या पहिल्या दोन अ‍ॅपपैकी ‘वेलिब्रा’ हॅम्बर्गच्याच ‘गाया’ कंपनीचं. मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या थकव्यासाठी तिचंच ‘एलेविडा’ आहे. अशा अ‍ॅपमधली माहिती जाहिरातीसाठी वापरता येत नाही.

भारतात २५ मार्च २०२०ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. रुग्णाने स्वतः संपर्क साधला की संमती गृहीत धरावी, असं ती सांगतात. इथे संपर्क साधतो मुलगा! नातेवाइकाने बोलण्याची सोय त्यांत आहे, पण ती आईच्या वतीने. आई समोर बसलेली असताना तिच्या डोक्यावरून नव्हे.

पक्षाघातात वाचा गेली तरी समज पुष्कळदा शाबूत असते, होकार-नकार मानेनेही देता येतो. तेव्हा ‘तिला बोलता येत नाही’ ही सबब चालणार नाही. समजही गेली असेल तर कुणाला ठरवावं लागेल, हे मान्य. पण उपचाराचा निर्णय वेगळा आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकणं वेगळं.

आणि व्यायामाच्या त्या तासाला आईला धरून उभ्या असतात त्या तिला सांभाळणाऱ्या मावशी. पडद्यावरून ‘उठवा’ अशी सूचना येते, त्या दुबळा हात ओढतात आणि खांदा निखळायची भीती असते. थेरपिस्टने आधी त्यांना शिकवावं, नाहीतर उभं राहण्याचे व्यायाम प्रत्यक्ष भेटीसाठी ठेवावेत. रेकॉर्डिंगसाठी आईची परवानगी दर वेळी घ्यावी, तीही मुलगा लाइनवर नसताना.

– एक वाचक, हॅम्बर्ग