कारण सापडेपर्यंत काय करायचं?

इंटर्न म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या वाट्याला सगळ्यात आधी आल्या त्या पोलीस ठाण्यातून येणाऱ्या नोंदींच्या छोट्या बातम्या. दुचाकी लंपास, मंगळसूत्र ओढलं, आणि मधूनच एखादी 'आकस्मिक मृत्यूची नोंद'. ही शेवटची बातमी लिहायला दोन मिनिटं पुरतात, कारण तिचा साचा ठरलेला आहे. गाव, वय, शिक्षण आणि मग 'नैराश्यातून टोकाचे पाऊल उचलले'. एका संध्याकाळी वयाच्या जागी १९ टाइप केलं आणि हात थांबला. माझा धाकटा भाऊ १९ चा आहे.

"सर, कारण काय लिहू?"

"नैराश्यातून लिही."

"पण नैराश्य कशाचं?"

"ते कोणाला माहीत? पान सोडायचंय."

सरांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तेवढ्यात कोणाला कळणार होतं? पण त्या शब्दाची गंमत बघा. 'नैराश्यातून' लिहिलं की फाइल बंद. घरच्यांना विचारायचं नाही, कॉलेजला विचारायचं नाही, आपल्याला तर मुळीच नाही.

आता तुम्हाला विचारते. "जगायचं तरी कशासाठी यार?" हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी बोललात? अभ्यासिकेतून रात्री चहाला बाहेर पडल्यावर, केटी लागल्यावर, 'नीट'चा तिसरा अटेम्प्ट गेल्यावर, ब्लॉक झाल्यावर. निम्म्या वेळा ती थट्टाच असते. उरलेल्या निम्म्या वेळा बोलणारा थट्टेचा आव आणतो आणि ऐकणारा तो आव खरा मानून मोकळा होतो. मीसुद्धा मानलाय. त्याबद्दल इथे लिहिणार नाही, फक्त हा लेख हवेतून आलेला नाही एवढं कळावं म्हणून सांगितलं.

मी जळगावच्या एका बौद्ध घरातली. आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो. लहानपणी आजीबरोबर जायचे, ते मुख्यतः नंतर मिळणाऱ्या खिरीसाठी. ग्रंथ वर्षानुवर्षं कानावरून गेला. त्या १९ वर्षांच्या मुलाच्या बातमीनंतर मात्र पहिल्यांदा वाटलं, यात उत्तर असेल तर शोधू या. जगण्याचं कारण काय, यावर बुद्ध काय म्हणतो?

पहिला धक्का हा, की तो असं कारण हातात देतच नाही. मालुंक्यपुत्त नावाचा एक भिक्खू बुद्धाकडे अडून बसतो. जग शाश्वत आहे का, मेल्यानंतर काय होतं, हे सांगा, नाहीतर मी संघ सोडतो. बुद्ध त्याला बाण लागलेल्या माणसाचा दाखला देतो. हा माणूस म्हणतो, बाण मारणारा कोण, कुठल्या गावचा, धनुष्य कसलं, हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही. तो उत्तर मिळण्याआधीच मरेल. बी.ए.ला असताना मला ही गोष्ट टाळाटाळ वाटायची. मोठा प्रश्न विचारला की सर 'सिलॅबसच्या बाहेर' म्हणतात, तशी. आता वाटतं, तो प्रश्नाचा क्रम बदलतोय. आधी कुठे दुखतंय ते बघू. विश्वाचा अर्थ थांबू शकतो, जखम थांबत नाही.

दुसरी गोष्ट आम्हा बातम्या लिहिणाऱ्यांनी वाचावी अशी आहे. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. वैशालीजवळ बुद्धाने भिक्खूंना शरीराच्या अशुद्धतेवर ध्यान करायला सांगितलं आणि स्वतः पंधरवडाभर एकांतात गेला. परत आला तेव्हा संघ विरळ झालेला. त्या ध्यानातून काहींना देहाची एवढी किळस आली की त्यांनी जगणंच संपवलं. आनंदाने दुसरी पद्धत शिकवा अशी विनंती केली आणि बुद्धाने श्वासावर लक्ष ठेवण्याची साधना, आनापानसती, शिकवली. आपल्या शिकवणुकीचा परिणाम बघून शिकवणूक बदलणारा गुरू, हे मला फार मोठं वाटतं. पुढे काही भिक्खूंनी एका आजारी माणसासमोर मरणाची स्तुती केली, तेव्हा नियम आणखी कडक झाला. मरणाचं गुणगान करणं, कोणाला तिकडे ढकलणं, हा पाराजिक अपराध ठरला. पाराजिक म्हणजे सर्वांत गंभीर. भिक्खूंसाठी असे अपराध फक्त चार, आणि तो केला की संघातून कायमचं बाहेर.

आता तुमच्या फीडमधल्या काळ्या बॅकग्राउंडच्या, स्लो गाण्याच्या रील्स आठवा. आमच्या काही हेडलाइनही आठवा.

तिसरी गोष्ट एका शब्दाची आहे. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात बुद्ध तीन तृष्णा सांगतो. कामतृष्णा आपल्याला कळते: हे हवं, ते हवं. भवतृष्णा, म्हणजे आपण असत राहावं, काहीतरी बनावं. तिसरी विभवतृष्णा, म्हणजे आपण नसावं, सगळं संपावं अशी ओढ. हिला त्याने वेगळं, उदात्त स्थान दिलेलं नाही. नवा आयफोन हवा आणि मी नकोच, या दोन्ही गोष्टी एकाच यादीत. रात्री दोनला 'आता काही उरलं नाही' असं वाटतं तेव्हा ते जगाबद्दलचं अंतिम सत्य सापडल्यासारखं वाटतं. बुद्धाच्या हिशोबात ती तहान आहे, आणि तहान कशाकशाच्या आधाराने लागते. झोप झालेली नसते, मेसचे पैसे थकलेले असतात, निकालाची लिंक उघडत नसते, कोणीतरी जातीवरून काहीतरी बोललेलं असतं. आधार हलला की तहान हलते.

इथे थांबून एक गोष्ट साफ सांगते, नाहीतर कोणी म्हणेल, म्हणजे श्वास मोजा आणि ठीक व्हा. तसं नाही. नैराश्य हा आजारही असतो आणि त्याला डॉक्टर लागतो. बुद्धाचीही एक गोष्ट आहे. पोटाच्या विकाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला कोणीच बघत नव्हतं. बुद्धाने आनंदाकडून पाणी मागवलं आणि दोघांनी त्याला धुतलं, उचलून मंचावर ठेवलं. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असं मग त्याने संघाला सांगितलं. अनित्यतेवर प्रवचन देण्याआधी त्याने बादली उचलली, हे लक्षात ठेवा.

मी आजीला विचारलं, बुद्धाकडे कोणी असं येऊन म्हणालं का, की आता जगायचं नाही? तिने किसा गोतमी सांगितली. तुम्हाला माहीत असेलच. मूल गेलेली बाई त्याला कडेवर घेऊन औषध मागत फिरते, लोक तिला वेडी म्हणतात. बुद्ध म्हणतो, मूठभर मोहरी आण, पण अशा घरातून आण जिथे कधी कोणी मेलेलं नाही. शाळेत याचं तात्पर्य 'मरण सगळ्यांना आहे' असं शिकवतात. मला ते कोरडं वाटतं. आईचं दुःख 'सगळ्यांचंच होतं' म्हटल्याने कधी कमी झालंय? आजीने गोष्ट वेगळ्या जागी थांबवली. ती म्हणाली, ती घरोघरी गेली ना! सकाळी जिला लोक दारातून हाकलत होते, तिच्याजवळ संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक बाईने आपलं माणूस कधी गेलं ते सांगितलं. मोहरी कोणाकडेच कमी नव्हती. तिला उपदेश मिळाला नाही, दारं ठोठावायचं काम मिळालं.

आमच्या गल्लीत अजून कोणी तोंड पाडून ओट्यावर बसलं तर समोरची म्हातारी विचारते, "काय व्हयनं व माय?" उत्तर दिल्याशिवाय ती जाऊ देत नाही. लहानपणी याचा वैताग यायचा. पुण्याला हॉस्टेलवर सहा महिने काढले आणि तो वैताग संपला.

पण एवढ्यावर लेख संपवला तर तो अर्धवट राहील, कारण बाबासाहेबांनी या सगळ्यावर एक रोखठोक शंका घेतली आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत ते विचारतात, की जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख असेल, तर माणसाला आशा कुठे उरते? हा निराशावादच झाला. चार आर्यसत्यं बुद्धाची मूळ शिकवण की भिक्खूंनी नंतर घातलेली भर? ज्या धम्मात यायला लाखो लोक तयार होत होते त्याच्याच ग्रंथाच्या सुरुवातीला हा प्रश्न. असा प्रश्न विचारायची मुभा असणं हेच मला त्या धम्मात आवडतं.

सिद्धार्थाने घर का सोडलं, तेही त्यांना पटत नाही. म्हातारा, आजारी आणि प्रेत एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं, हे कसं शक्य आहे? त्यांच्या मांडणीत कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीयांमध्ये पेटलेला वाद. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून घर सोडतो. गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी त्याआधीच 'भगवान बुद्ध'मध्ये चार दृश्यांच्या कथेवर शंका घेतली होती. पाण्यावरून भांडणं बघत वाढलेल्या आपल्या गिरणा-पांझराकाठच्या पोरांना हा सिद्धार्थ ओळखीचा वाटावा. त्याचं दुःख त्याच्या एकट्याच्या मनात नाही, ते पाटावर, सभेत, दोन गावांच्या मध्ये आहे. तिथे काहीतरी करणं हेच त्याचं पुढचं पाऊल.

कोसंबींचं स्वतःचं उदाहरणही घ्या. शिक्षण अर्धवट, लग्न लवकर, मन उदास. 'बालबोध मेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि एक ओढ लागली, याची शिकवण मुळातून कळली पाहिजे. १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश करत शेवटी ते एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डपर्यंत गेले. 'निवेदन' या आत्मचरित्रात ते हे सांगतात. वाचताना मी भारावले, आणि तितक्याच वेळा घरी राहिलेल्या त्यांच्या बायकोचा आणि तान्ह्या मुलीचा विचार येऊन अडखळले. एकाला जगण्याचं कारण सापडलं, त्याचा खर्च कोणी भरला? हा प्रश्न यशोधरेपासून चालत आलाय आणि मला तो सुटलेला नाही.

मला जास्त जवळचा वाटतो तो धुळ्याचा दाखला. लळिंगच्या कुरणातला लांडोर बंगला धुळेकरांना सांगायला नको, जळगावकरांसाठी सांगते. मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या अलीकडे, किल्ल्याच्या बाजूला. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि या बंगल्यात राहिले. दर ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. आजीने मला चौथीत असताना नेलं होतं. आठवतो तो चिखल आणि भजी.

आता तारखा जुळवून बघा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षं. लळिंगला आलेला माणूस त्या एकवीस वर्षांच्या अगदी सुरुवातीला आहे. जुनं घर सोडतोय हे जगाला सांगून झालंय, नवं अजून ठरलेलं नाही. वय ४६. आणि तो काय करतोय? कोणाचा तरी खटला लढवायला धुळ्याला आलाय. एकवीस वर्षं हा माणूस इतका मोठा प्रश्न उघडा ठेवून रोजची कामं करत होता.

आपल्याला २२ व्या वर्षी 'पर्पज' सापडलेला असावा असं कोण सांगतं? मोटिव्हेशनल स्पीकर सांगतो, आणि मुलाखतीत पाच वर्षांनी कुठे असाल विचारणारा. बुद्ध आणि बाबासाहेब, दोघांकडे मी 'कारण' शोधायला गेले आणि हाती हे लागलं, की ते सापडेपर्यंत जगणं स्थगित ठेवायची अट दोघांनीही घातलेली नाही. आज बाण कुठे लागलाय? काढायला कोणाला हाक मारता येईल? आणि शेजारी कोण घाणीत पडलंय? एवढ्यावर आजचा दिवस जातो. उद्याचं उद्या.

हाक मारायला कोणीच नसेल असं वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि तुमच्या ग्रुपमधला कोणी थट्टेत ते वाक्य बोलला, तर एकदा थट्टा सोडून विचारा, काय झालं? खोदून विचारा, आमच्या समोरच्या म्हातारीसारखं.

त्या संध्याकाळी मी बातमीतून 'नैराश्यातून' काढलं. त्या जागी 'कारण समजू शकले नाही' लिहिलं आणि खाली १४४१६ ची दोन ओळींची चौकट टाकली. सरांनी पान बघितलं. म्हणाले, "दोन ओळी वाढल्या, शेजारची बातमी कापावी लागेल." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी ती स्वतःच कापली.