आधी पडायला शिकायचे!

कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल. त्यामुळे जपानमध्ये शिकायला गेलेला आपला विद्यार्थी हौसेने ज्युदोच्या नवशिक्यांच्या वर्गात जातो, तेव्हा पहिल्याच दिवशी बुचकळ्यात पडतो. कारण तिथला पहिला धडा असतो पाठीवर पडण्याचा!

या पडण्याच्या तंत्राला ‘उकेमी’ म्हणतात. वर्ग विद्यापीठाच्या क्लबचा असो की टोकियोतल्या ‘कोदोकान’ या ज्युदोच्या मूळ संस्थेचा, सुरुवात साधारण सारखीच. चपला बाहेर काढायच्या, आत शिरताना वाकून नमस्कार करायचा. नखे कापलेली हवीत. अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी उतरवून ठेवायची. जाड सुती अंगरख्याची डावी बाजू उजवीवर घेऊन कमरेला पांढरा पट्टा बांधायचा. मग चटईवर बसून मागे लवंडायचे. हनुवटी छातीकडे, नजर पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोके आपटत नाही. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात चटईवर सपकन मारायचे, म्हणजे आघात एका जागी बसत नाही. पडताना हात मागे टेकण्याची आपली उपजत सवय असते. ती मोडली नाही, तर एखाद्या दिवशी मनगट मोडते. बसून जमले की उकिडवे, मग उभ्याने.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो विद्यार्थीदशेत अंगाने किरकोळ होते. दांडग्या मुलांच्या त्रासाला कंटाळून ते जुजुत्सु ही जुनी झटापटीची विद्या शिकले. १८८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात त्यांनी मोजक्या शिष्यांसह कोदोकान सुरू केले. जुन्या विद्येतले घातक प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले. शक्तीचा उत्तम उपयोग आणि परस्परांचे कल्याण, ही त्यांची दोन सूत्रे. भारतालाही ही विद्या नवी नाही. १९२९ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी शिंझो ताकागाकी या शिक्षकांना ज्युदो शिकवण्यासाठी शांतिनिकेतनात बोलावले होते.

स्पर्धेत ज्युदोतही जोरात, सपशेल पाठीवर पडणारा हरतोच. सरावात मात्र पडणे ही रोजची बाब असते. तिथे पाडणाऱ्यावरही जबाबदारी असते. तो जोडीदाराची बाही शेवटपर्यंत धरून ठेवतो, म्हणजे पडणाऱ्याचे डोके वर राहते. आणि खाली दाबला गेलेला जोडीदार असह्य झाले की चटईवर किंवा समोरच्याच्या अंगावर हाताने दोनदा थापटतो. थाप ऐकताच पकड सुटलीच पाहिजे. थापटण्यात लाज नाही. ती न मारता दात-ओठ खात सहन करणारा मात्र दुखापत ओढवून घेतो.

घरापासून दूर राहणाऱ्या मुलामुलींना नेमके हेच जड जाते. वडिलांनी फंडातले पैसे काढलेले, बँकेचे कर्ज डोक्यावर. भाषा अडते, एखादा पेपर राहतो, खोलीत एकटेपण खायला उठते. तरी फोनवर उत्तर एकच, ‘सगळे ठीक आहे!’ ज्यांना ‘आता पुरे’ म्हणता येत नाही, त्यांना आठवड्यातून दोन संध्याकाळी ते म्हणण्याचा सराव मिळतो. शिवाय ज्याची भाषा धड येत नाही, असा एक जोडीदार आपली बाही धरून उभा असतो.

पण हा निव्वळ खेळ समजून चालत नाही. जपानच्या शाळांत १९८३ नंतरच्या तीन दशकांत ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक मुले दगावली. डोक्याला मार बसणे हे त्यातले मोठे कारण होते, आणि बळींत नवशिके पुष्कळ होते. म्हणून नाव घालण्यापूर्वी एक वर्ग बाजूला बसून पाहावा. नवशिक्यांना पडणे नीट येण्याआधीच उचलून आपटत असतील, तर तिथून सरळ परत फिरावे. डोके दुखू लागले, मळमळले, तर सराव तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. मान, पाठ किंवा गुडघ्याचे जुने दुखणे शिक्षकांना आधीच सांगावे. विम्यात खेळातली दुखापत बसते का, तेही विचारून घ्यावे.

एखाद्या रविवारी मुलीचा फोन येईल आणि ती म्हणेल, ‘आई, आज मी वर्गात वीस वेळा पडले!’ आईने काळजीने चार प्रश्न जरूर विचारावेत. पण ‘ते सोडून दे’ म्हणण्याची घाई करू नये. आपण पडलो, हे लेक घरी सांगू लागली आहे. उद्या परीक्षेत पडली, तरी ती सांगेल.